सारजानं मोजलेली नावं

'श्व'चा जोडखिळा संपला, तेव्हा सारजानं आधी मालकाच्या नावानं बोटं मोडली. तिला वाटलं, विजयसिंहानं जुने खिळे मोडीत घातले आणि सांगितलंही नाही.

बारामतीच्या स्टेशनामागच्या गल्लीत विजयसिंहाचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. सारजा तिथं अकरा वर्षं जुळारी होती. शिशाचं एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. तो लाकडी खान्यातून उचलायचा, उलटा वाचायचा आणि ओळीत बसवायचा. शिक्षण सातवी, पण हात असा बसलेला की डोळे मिटूनही 'ळ' कुठल्या खान्यात आणि 'ण' कुठल्या हे तिला कळे. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरवर छपाई सुरू झाली होती. बारामतीत अजून विजयसिंहाला सारजावाचून पर्याय नव्हता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत सांगवीचे रावजी मास्तर एक जाडजूड हस्तलिखित घेऊन आले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बारामतीच्या एका लहानशा चर्चमध्ये गाणी बसवून घेणारे, सडपातळ आणि ताठ. यहुदी लोकांचा जो प्राचीन धर्मग्रंथ पुढं ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारात आला, त्याचा पहिला भाग त्यांनी मूळ हिब्रूवरून मराठीत आणला होता. त्यासाठी आठ वर्षं घातली होती. शेवटी स्वतःचा एक निबंधही जोडायचा होता, तो मागून देणार होते.

"शब्दाला शब्द आहे," त्यांनी सारजाला बजावलं. "कानामात्रा इकडची तिकडं झालेली मला चालणार नाही."

"माझ्या हातनं न्हाय व्हायची," सारजा म्हणाली.

पहिला फर्मा, म्हणजे एकदम छापायची चार पानं, सुरळीत गेला. दुसऱ्या फर्म्यात 'श्व' संपला. मोडीत गेला म्हणावं तर खाना सकाळीच भरलेला तिनं पाहिला होता. मग तिनं जुळवलेली पानं पुन्हा वाचली. आकाश झालं, पाणी झालं, झाडं, मासे, पाखरं, जनावरं झाली आणि शेवटी बाई आणि माणूस एकदमच झाले. त्या सबंध हकिगतीत करणारा नुसता 'देव' होता. त्यात 'श्व' लागतच नव्हता. आणि पुढच्याच पानावर, एका ओळीपासून, तोच देव 'परमेश्वर' झाला होता. ओळीओळीला परमेश्वर, परमेश्वर. म्हणून खाना रिकामा.

नावच बदललं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. पण तिथं हकिगतही पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती, आणि उलटी. आता माणूस आधी झाला. मग झाडं. मग जनावरं. आणि बाई सगळ्यांच्या शेवटी.

"हे एका माणसाचं सांगणं न्हाय," सारजा स्वतःशीच म्हणाली.

एका बिघडलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिनं मधोमध रेघ ओढली. डावीकडं देव, उजवीकडं परमेश्वर. ज्या ओळीत जे नाव येईल तिचा आकडा त्या बाजूला. असं करत ती महापुराच्या गोष्टीपर्यंत आली आणि तिथं तिचा हात थांबलाच. 'देव' म्हणत होता, प्रत्येक जनावराची एक जोडी नावेत घे. पाचसहा ओळींनी 'परमेश्वर' म्हणत होता, शुद्ध जनावरांच्या सात सात घे. एकीकडं चाळीस दिवसांचा पाऊस, दुसरीकडं दीडशे दिवसांचं पाणी. मेंढक्याची लेक ती. एक जोडी आणि सात जोड्या यातला फरक तिला कुणी शिकवायला नको होता.

गुरुवारी मास्तर बाजार करून प्रुफं तपासायला आले. सारजानं त्यांच्यापुढं ती पत्रिका ठेवली.

"मास्तर, ह्यो ग्रंथ दोघांनी लिवलाय का वो?"

मास्तरांनी चष्मा लावला. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. खिळं संपलं."

"खोटं बोलू नकोस. कोण आलं होतं इथं?"

"बिरोबाची आण, कुणी न्हाय. नाव बदललं की गोष्टबी बदलती. मी नुसतं मोजलं."

मास्तर स्टुलावर बसले. मग तिच्याकडं न बघता बोलू लागले.

"अडीचशे वर्षं होत आली. फ्रान्समधल्या एका डॉक्टरानं नेमकं हेच केलं. देवाची दोन नावं वेगळी काढली आणि म्हणाला, ज्या मोशे संदेष्ट्यानं हा ग्रंथ लिहिला असं आम्ही मानतो, त्याच्यापुढं दोन जुने कागद असणार. पुढं जर्मनीतल्या पंडितांनी मोशेलाच काढून टाकलं. म्हणाले, चार वेगवेगळे हात आहेत, वेगवेगळ्या काळातले. कुणी देवाला परमेश्वर म्हणणारा, कुणी नुसता देव म्हणणारा, कुणी नियम सांगणारा, कुणी याजकांचा, म्हणजे पुजाऱ्यांचा. आणि मागून कुणीतरी ते सगळं एकत्र शिवलं. मूळ कागद कुणाला सापडलेले नाहीत. सगळा अंदाज. पंडितांचं आपसातही पटत नाही."

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?"

"ठाऊक होतं?" मास्तर कडवट हसले. "मी चर्चचा पाळक व्हायला शिकत होतो. बावीस वर्षांचा. परीक्षेत प्रश्न आला, हे चार हात ओळखून दाखवा. मी कोरा कागद दिला आणि वर्गातून उठून आलो. माझ्या आईनं मोशेचं नाव घेऊन मला वाढवलं होतं. पाळक झालो नाही, शाळामास्तर झालो. त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणून हे पुस्तक आहे. सबंध ग्रंथ एका हाताचा, एकट्या मोशेचा, हे मी निबंधात लिहितोय. आणि तू त्याच्या आधीच्या पानांत..."

यादी तिथंच टाकून, हस्तलिखित पिशवीत घालून मास्तर चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ते छापखाना उघडायच्या आधीच दारात उभे होते. हस्तलिखितात जिथं जिथं 'परमेश्वर' होता, तिथं लाल शाईची रेघ मारून वर 'देव' लिहिलं होतं. डोळे तांबडे झाले होते.

"असं जुळव. सगळीकडं एकच नाव."

सारजानं पानं चाळली. "मूळ ग्रंथात असंच हाय?"

"मूळ ग्रंथाशी तुझा काय संबंध?"

"तुमीच म्हणला हुता, शब्दाला शब्द. कानामात्रा हलवायची न्हाय. आन आता तुमीच देवाचं नाव खोडताय?"

"खिळे जुळवणारीनं ग्रंथ शिकवायचा नसतो, बाई."

"मी शिकवत न्हाय. पर ह्ये मी जुळवणारबी न्हाय."

आवाज ऐकून विजयसिंह आतून आला. त्यानं दोघांचंही ऐकून घेतलं. स्वभावानं तो वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाला दुखवायचं म्हटलं की तो माघार घ्यायचा.

"सारजा, अगं गिऱ्हाईक म्हणतंय तसं छापायचं. आपल्याला काय करायचंय? ना तो आपला धर्म, ना आपला देव."

"दादा, तुमच्या वडलांनी मला पयल्या दिवशी काय सांगितलं हुतं? जुळाऱ्यानं मजकुराला हात लावायचा न्हाय."

"मजकूर त्यांचाच आहे की!"

"त्येंचा न्हाय. त्येंनी तर नुस्ता मराठीत आणलाय. ज्यानं लिवला त्यो इचारायला येणार न्हाय, म्हणून काय बी करायचं व्हय?"

विजयसिंहाचा पारा चढला. मास्तरांसमोर त्याला कमीपणा वाटला. "मग घरी बस. डोकं जागेवर आलं की ये."

सारजानं हातातली जुळणीची पट्टी खाली ठेवली, पदरानं बोटांचं काळं पुसलं आणि ती सरळ घरी गेली.

एमआयडीसीच्या अलीकडं भाड्याच्या दोन खोल्यांत ती राहायची. नवरा दादासो दूध डेअरीत कामाला. त्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ख्रिस्तावांचा ग्रंथ, मास्तरांचा कागद आन भांडण तुझं? तुला सांगितलंय कुणी?"

"कुणी सांगावं लागतंय का?" ती म्हणाली. पण एकटी असताना तिलाही प्रश्न पडायचा. सात यत्ता शिकलेली बाई, हिब्रू शिकून आठ वर्षं खपलेल्या माणसाला नाही म्हणते, कशाच्या जोरावर? तिच्यापाशी एक पत्रिकेची पाठ होती. त्यावरचे आकडे तिनं पुन्हा मनात मोजले. ते बरोबर होते. मग तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

पाचव्या दिवशी मास्तर स्वतः तिच्या दारात आले. विजयसिंहाला दुसरा जुळारी मिळाला नव्हता. पण तेवढ्यासाठी ते आलेले नव्हते, हे तिला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं. तिनं पाणी दिलं, चटई टाकली.

"सारजा, मी तुला आज्ञा करायला आलो नाही. समजावायला आलोय. आमच्या चर्चमध्ये चाळीसएक घरं. त्यांच्या हातात मी हे पुस्तक देणार. त्यांना भेग दिसली तर त्यांचं सगळं कोसळेल. दोन हकिगती म्हटल्या की त्यातली एक तरी खोटी ठरते."

"का ठरावी?"

"म्हणजे?"

"मास्तर, रविवारी शेळगावला चला. माझ्या वडलांकडं. तितं बोलू."

मास्तरांना हसू आलं. पण आव्हान सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते. "येतो. तुझ्या वडलांकडून हिब्रू शिकायचं राहिलंच आहे माझं."

रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून मास्तर इंदापूरच्या एस्टीत बसले, सारजा मागच्या बाकावर. शेळगावच्या फाट्यावर उतरून ते वस्तीवर गेले. सारजाचा बाप सोनबा आता मेंढरं राखत नव्हता. दोन एकर ऊस आणि चार शेळ्या एवढंच उरलं होतं. पण त्याचा ढोल अजून खुंटीला होता आणि गळा शाबूत. इंदापूरहून त्याचा जुना जोडीदार गेणबा येऊन बसला होता. दोघं मिळून चाळीस वर्षं धनगरी ओव्या गात आलेले.

"आबा, आपल्या वस्तीवर देव कसा आला, त्ये म्हणा," सारजा म्हणाली. "दोघंबी म्हणा."

सोनबानं कानावर हात ठेवला.

*म्हातारीच्या घोंगड्यात देव निजला गं,*
*ओझं म्हणून तिनं वाटंला ठेवला गं.*

त्याच्या ओवीत देव एका म्हातारीच्या घोंगड्यात लपून आला. ती थकून जिथं टेकली, तिथं त्यानं ठाण मांडलं. सोनबाचं संपताच गेणबानं ढोल जवळ ओढला. त्याच्या ओवीत म्हातारी नव्हतीच. एक लंगडी मेंढी कळपातून मागं राहायची आणि रोज एकाच दगडावर पान्हा सोडायची. धन्यानं दगड हलवायला कुऱ्हाड उचलली आणि देव बोलला. गेणबाचं झालं तसा सोनबानं पुन्हा सूर धरला आणि पुढची ओवी दोघांनी एकत्र म्हटली, जणू मध्ये काही विपरीत घडलंच नव्हतं.

मास्तर मात्र सरसावून बसले होते. शाळेत पोरांना धरायचे तसं त्यांनी सोनबाला धरलं.

"सोनबाराव, घोंगड्यात आला की दगडात होता? दोन्ही कसं खरं असेल?"

"माझ्या आज्याचं घोंगडं," सोनबा म्हणाला. "ह्येच्या आज्याची मेंढी."

"पण खरं कुठलं?"

सोनबानं गेणबाकडं पाहिलं. गेणबानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली.

"मास्तर, आमचं मेंढरांचं दोन वाडं हुतं," सोनबा सावकाश म्हणाला. "येगळ्या रानात हिंडणारं. मग दुष्काळात एका वस्तीवर आलं. देव एकच, पर गाणी दोन. तवा कुणीतरी म्हणला आसंल, एक गाणं बंद करा, लोक हसत्याल. आन दुसरा कुणीतरी उठून म्हणला आसंल, न्हाय, दोन्ही ऱ्हाऊ द्या. त्येच्या आज्याला मी खोटा पाडू, आन माझ्या आज्याला त्यो? मग वस्ती कशाची ऱ्हायली?"

"म्हणजे तुम्हाला खऱ्याखोट्याचं काहीच नाही?"

आता सोनबा तडकला. "लई हाय! म्हणून तर शंभर वर्सं एक शबूद सोडला न्हाय आमी. गाणं सोपं करायचं आसतं तर कवाच केलं आसतं."

चहा आला, तो मास्तरांनी घेतला. निघताना दोन्ही म्हाताऱ्यांना त्यांनी हात जोडले. परतीच्या एस्टीत मात्र त्यांनी तोंड उघडलं.

"तुमचं गाणं वेगळं आणि माझा ग्रंथ वेगळा. त्याला जगभर लोक मानतात."

"मग येवढ्या मोठ्या ग्रंथाला माझ्या पत्रिकेचं भ्या कसलं?" सारजा मागून म्हणाली. "मोठ्याला झाकपाक लागत न्हाय, मास्तर. आन कोरा कागद तर तुमी एकदा देऊन बघितलाय की."

हे शेवटचं तिनं बोलायला नको होतं. तिलाही ते लगेच कळलं. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले आणि बारामती येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

मंगळवारी विजयसिंहाचा निरोप आला, कामावर ये. सारजा गेली तर मास्तर स्टुलावर बसलेले. मांडीवर हस्तलिखिताची पहिली, लाल रेघा नसलेली प्रत.

"हे जुळव," ते म्हणाले. "परमेश्वर तिथं परमेश्वर, देव तिथं देव. त्या रात्री हातात लाल शाई घेतली तेव्हाच लाज वाटली होती मला. पण माझा निबंधही जसाच्या तसा जाईल. ग्रंथ एका हाताचा. मोशेचा. यातून मी तसूभर हटणार नाही."

"जुळवते. एक अक्षर हलवणार न्हाय," सारजा म्हणाली. आणि मग, घरून ठरवून आली नव्हती तरी, म्हणून गेली, "पर माझी यादीबी छापायची. ग्रंथ आन निबंध, मधी."

विजयसिंहानं चहाचा कप खाली ठेवला. "सारजा!"

"का? मास्तर म्हणत्यात एक हात. म्हणू द्या. वाचणाऱ्याला मोजणी दिसू द्या, मग ठरवंल त्यो."

मास्तर लालेलाल झाले. "माझ्या पुस्तकात माझ्याविरुद्ध पुरावा?"

"तुमच्याच अक्षरातला हाय त्यो."

मग मास्तरांनी हात पुढं केला. "आण इकडं ती यादी."

तिला वाटलं, फाडणार. पण मास्तरांनी पेन्सिल काढली, पिशवीतून हिब्रूचं जाड पुस्तक काढलं आणि पत्रिकेची पाठ ओळीओळीनं तपासायला घेतली. जेवणाची सुट्टी झाली तरी ते उठले नाहीत. तिच्या तीन चुका काढल्या. आणि मग, इतकी वर्षं वर्गात उभा राहिलेला मास्तर त्यांच्या अंगातून काही जाईना, त्यांनी तिला हाक मारली.

"ही एक ओळ तुझ्या नजरेतून सुटली. महापुरातली. जनावरं आत गेली, देवानं सांगितलं होतं तशी. आणि पुढच्या शब्दात परमेश्वरानं दार लावून घेतलं. एकाच ओळीत दोन्ही नावं. याला कुठल्या रकान्यात घालशील?"

सारजा वाकून बघत राहिली. "मधी. रेघंवर."

"हं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ती ओळ रेघेवर लिहिली.

ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चशेजारच्या हॉलमध्ये पुस्तक बाहेर आलं. एकशे बारा पानं ग्रंथ. एकशे तेरा आणि चौदा अशा एका कागदावर यादी, तिच्यावर 'मोजणी : सारजा दादासो, जुळारी'. एकशे पंधरापासून निबंध, आणि त्याची पहिलीच ओळ : 'मागील पानावरची मोजणी बरोबर आहे. तिच्यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि का नाही ते पुढे सांगतो.'

चर्चमधले बुजुर्ग आप्पा उभे राहिले. "मास्तर, तुमच्या पुस्तकात ही परकी बाई कशाला? आमच्या मुलांना शंका शिकवायला?"

सगळा हॉल मागं वळून सारजाकडं बघू लागला. ती दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली नाही.

"तिचं चुकतंय असं माझं मत आहे," मास्तर व्यासपीठावरून म्हणाले. त्यांचा आवाज चढा होता. "पण तिनं मोजलंय, आप्पा. आपण जन्मभर हा ग्रंथ डोक्यावर घेतला. तुम्ही मोजलंय?"

आप्पा उत्तराला थांबले नाहीत. दाराशी आले, सारजाच्या समोर पुस्तक उघडलं आणि मधला तो कागद टरकन फाडला. दोनतीन बायका हळहळल्या. विजयसिंह पुढं सरसावला. सारजानं त्याला हातानं थांबवलं.

"फाडा, आप्पा," ती म्हणाली. "तुमची प्रत हाय. पर पानावर आकडं मी टाकल्यात. एकशे बारानंतर एकदम एकशे पंधरा येतंय. घरातलं कुणीतरी इचारंल, मधलं पान कुठं गेलं? तवा तुमाला सांगावं लागंल. आन त्ये काय हुतं, ह्येबी सांगावं लागंल."

आप्पांच्या मागं त्यांची सून उभी होती, कडेवर मूल घेतलेली. ती न लाजता, सगळ्यांदेखत म्हणाली, "मामंजी, द्या इकडं ते पान. मला बघायचंय."

आप्पांनी पान दिलं नाही, पण टाकलंही नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि ते निघून गेले. सून पुस्तकांच्या टेबलापाशी आली आणि तिनं स्वतःसाठी एक नवी प्रत उचलली.